कसलाही वास नाही

गोदूबाईंनी उंबऱ्यातच नाकाला पदर लावला आणि नुसतं लोटलेलं जाळीचं दार ढकलून त्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, तेव्हा रवींद्र आंबर्डेकर पंचांच्या कानांविषयी लिहीत होते. रोज सकाळी नऊच्या आत ते चार परिच्छेद लिहून दोनशे चौदा माणसांना पाठवत. त्यांत सोसायटीतली माणसं होती, कारखान्यातले जुने सहकारी होते, बी.एस्सी.चे वर्गमित्र होते. पहिला परिच्छेद खेळाचा, दुसरा राजकारणाचा, तिसरा संगीताचा आणि चौथा जालावर कुठेतरी सापडलेल्या एखाद्या विचित्र, निरुपयोगी गोष्टीचा. आजचा पहिला परिच्छेद जमत आला होता. बॅटची कड लागली की नाही हे पूर्वी पंच कानाने ठरवत, आता यंत्र ठरवतं. पण यंत्र येण्याआधीच्या शंभर वर्षांत एकाही पंचाची श्रवणचाचणी कुणी घेतल्याची नोंद सापडत नाही, असं वाक्य त्यांनी नुकतंच पुरं केलं होतं. आतून बटण फिरवल्याचा आवाज आला, मग खिडकीची कडी आदळली आणि गोदूबाई ओरडल्या, "सायेब! गॅस चालू हाय ना! सगला घर भरलाय. मराचाय काय?"

ते उठून आत गेले. चहा उतू जाऊन शेगडीवर तपकिरी डबकं साचलं होतं, ज्योत विझली होती. गोदूबाई दोन्ही खिडक्या उघडून टॉवेलने हवा बाहेर घालवत होत्या. मागच्या गावठाणातून एक दिवसाआड सुकी मासळी घेऊन येणारी ही साठीची आगरी बाई. तिने या घरात उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं ते गेल्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच. "तुमाला वास नाय आला?" तिने विचारलं. प्रश्नात आरोप नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. आंबर्डेकर म्हणाले, "लिहिण्यात लक्ष होतं." हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना त्यांना ते शुद्ध खोटं आहे हे कळलं नव्हतं. ते कळलं पुढच्या श्वासाला. त्यांनी शेगडीजवळ वाकून खोल श्वास घेतला. हवा थंड होती, डिसेंबरातल्या सकाळची. तिच्यात दुसरं काही नव्हतं.

घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं एक संयुग मिसळतात, आणि ते शंभर कोटी भागांत एक भाग असलं तरी माणसाच्या नाकाला समजतं. हा आकडा त्यांनीच वर्षभरापूर्वी चौथ्या परिच्छेदात दिला होता. छत्तीस वर्षं त्यांनी औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासली होती आणि त्यातली निम्मी वर्षं उपकरणांपेक्षा नाकाने जास्त तपासली होती. वाफेचा एक झोत घेऊन ते सांगत, पाणी राहिलंय, अजून दोन तास चालवा. आणि मग उपकरण तेच सांगे. "आंबर्डेकरांना दाखवलं का" असं तिथे कुणी म्हणत नसे, "आंबर्डेकरांना हुंगवलं का" असं म्हणत. निरोपसमारंभाला प्रयोगशाळेतल्या मुलांनी पितळेचं नाक भेट दिलं होतं. पत्नी विनिता हसली होती, नंतर तिने ते माळ्यावर टाकलं. विनिता आता इथे नव्हती. मुलीला, शिवानीला, दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितल्यामुळे विनिता पाच आठवडे तिच्याकडे माजिवड्याला होती. ती असती तर हे आधीच कळलं असतं का, याचा विचार करायचं त्यांनी त्या क्षणी टाळलं, कारण विचारांची एक शिस्त असते आणि आधी पुरावा हवा.

गोदूबाई टोपली उचलून निघता निघता थांबल्या. "पोरीला घेऊन खडवलीला जानार होतो, भावाकडं. सोमवारी. मंग सोसायटीच्या सुशांतशेटनी तुमचा लिवलेला वाचून दाखवला, वास नाय, काय नाय. तुमी बोल्लाव म्हनून र्‍हायलो." हे त्या कौतुकाने म्हणाल्या. पोरगी म्हणजे त्यांची सात महिन्यांची नात, प्राप्ती. आंबर्डेकरांनी मान हलवली. मग त्यांनी जवळा घेतला, पैसे दिले, आणि गोदूबाई जिना उतरल्यावर पिशवी उघडून तोंड तिच्यात घातलं. सुका जवळा. शेजारच्या जोशीबाई ज्याच्यासाठी जिन्यावर उदबत्ती लावत, तो. कागदाच्या पिशवीत कागदाच्या पिशवीइतकंही काही नव्हतं.

सोमवारचं त्यांचं टिपण त्यांना पाठ होतं. मागच्या नाल्यातून सकाळी विचित्र वास येतो, डोकी दुखतात, अशी तक्रार गावठाणात आणि सोसायटीच्या मागच्या दोन इमारतींत महिनाभर चालली होती. पालिकेची निवडणूक तोंडावर होती, एका उमेदवाराने त्यावर फलकही लावला होता, आणि फोनवर फिरणाऱ्या संदेशांत तो वास एव्हाना कॅन्सरपासून वंध्यत्वापर्यंत सगळ्याला कारणीभूत ठरला होता. त्या संदेशांतलं रसायनशास्त्र इतकं भिकार होतं की आंबर्डेकरांना ते शारीरिकदृष्ट्या सहन झालं नाही. म्हणून त्यांनी लिहिलं होतं: सलग तीन दिवस, सकाळी सहा पन्नास ते सात दहा, नाल्याच्या मोरीवर स्वतः उभा राहून, दीर्घ श्वास घेऊन पाहिलं. हवा स्थिर, दृश्यमानता बरी, कसलाही वास नाही. आणि शेवटी: निवडणूक जवळ आली की मतदारांची नाकं तीक्ष्ण होतात, हा विषय संशोधनाला योग्य आहे. या शेवटच्या ओळीवर सत्तर जणांनी हसरे चेहरे पाठवले होते. वेळ लिहिली होती, जागा लिहिली होती, कालावधी लिहिला होता. उपकरणाचं अंशांकन शेवटचं कधी केलं, हे मात्र लिहिलं नव्हतं. प्रयोगशाळेत नव्या मुलांना पहिल्या दिवशी ते हेच शिकवत: वजनकाट्याने शून्य दाखवलं म्हणजे ताटलीत काही नाही असं नव्हे, काटा बंदही असू शकतो.

त्यांनी होमिओपॅथीच्या चार सारख्या बाटल्या धुऊन वाळवल्या. एकीत हिंग, एकीत कॉफी, एकीत वेलदोड्याची पूड, एकीत साधं पीठ. डोळे मिटून त्या टेबलावर फिरवल्या, एक उचलली, हुंगली, उत्तर कागदावर लिहिलं, डोळे उघडून ताडून पाहिलं. असं बारा वेळा. नुसत्या अंदाजाने बारांत तीन बरोबर यायला हवीत. त्यांची दोन आली. मग त्यांनी कापूर हुंगला आणि नाकात थंड झिणझिणी आली, क्षणभर सुटका झाल्यासारखं वाटलं. पण ती सुटका टिकली नाही, कारण त्यांना माहीत होतं की कापराचा गारवा, मिरचीचा ठसका, अमोनियाचा चटका हे गंधाच्या मज्जातंतूचं काम नव्हे. ते चेहऱ्याच्या संवेदनेचं काम, त्याची वायर वेगळी. म्हणून त्यांना इतके दिवस पत्ता लागला नव्हता. बाम झोंबत होता, फोडणीने खोकला येत होता, आणि तेवढ्यावर मेंदूने उरलेलं सगळं चित्र स्वतःच रंगवून घेतलं होतं. विजेचा दिवा गेला तर अंधार होतो. वास गेला तर अंधार होत नाही. काहीच होत नाही. वास नसणं हे वास नसण्यासारखंच असतं.

केव्हापासून, हा पुढचा प्रश्न. त्यांच्याकडे त्याचं उत्तर देणारी सामग्री होती, आणि अशी सामग्री असलेला माणूस या शहरात दुसरा नसेल अशी एक कोरडी, बेताल अभिमानाची लहर त्यांच्या मनातून गेली. संगणकावर सहा वर्षांची टिपणं होती. त्यांनी ती एकत्र करून 'वास' हा शब्द शोधायला लावला. त्रेपन्न ठिकाणी सापडला. वाचत गेले. जानेवारी, दोन वर्षांपूर्वीचा: मित्राच्या वडिलांची पेटी दुरुस्तीसाठी उघडली होती, आणि तिसऱ्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं की भात्याच्या चामड्याला मेण, धूळ आणि मांडीच्या घामाचा मिळून एक वास होता, सुरांच्या आधी तोच खोलीत आला. चांगलं वाक्य होतं. त्यानंतर फेब्रुवारीत तीन दिवस टिपण नव्हतं, 'साध्या तापामुळे'. कोरोनाची चाचणी केली नव्हती. तोवर चाचण्या करायची फॅशन गेली होती. आणि त्यानंतर, गेल्या बावीस महिन्यांत, 'वास' हा शब्द आला होता तो फक्त दुसऱ्यांच्या नाकाबद्दल. अमुक ठिकाणी म्हणे वास येतो. तमुक संदेशात म्हटलंय की वास घेतल्याने. वास येतो म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की.

एक अपवाद होता आणि त्यापाशी ते बराच वेळ थांबले. त्या मे महिन्यातलं टिपण: हापूसला आता पूर्वीचा गंध राहिलेला नाही. देवगडहून खात्रीच्या माणसाकडून पेटी आणली होती, तरी फळ म्हणजे गोड कापूस. त्यांनी कारणंही दिली होती, तीन, क्रमांक घालून: अकाली तोड, कृत्रिम पिकवण, बदलतं तापमान. त्याला आजवरचा सर्वात मोठा प्रतिसाद आला होता. पुण्याहून, नागपूरहून, न्यू जर्सीहून माणसांनी कळवलं होतं, अगदी खरं, पूर्वीसारखे आंबे राहिले नाहीत. कोथिंबिरीलाही वास नाही, मोगऱ्यालाही नाही, बासमतीलाही नाही. विनिताने त्या दिवशी फोडी खाताना म्हटलं होतं, "छान तर आहेत की हो." आणि त्यांनी तिच्याकडे जरा दयेने पाहिलं होतं. एका नाकाची बातमी दोनशे नाकांनी पडताळून दिली होती. एकालाही खोटं बोलायचं नव्हतं. आंबर्डेकरांच्या पाठीतून जे सरकलं त्याला भीती म्हणणं त्यांना अवघड गेलं. ती एखाद्या आलेखाकडे पाहताना, अक्षच चुकीचा आखला आहे हे कळल्यावर येणारी गार जाणीव होती, फक्त तो आलेख त्यांच्या आयुष्याच्या दोन वर्षांचा होता.

साडेदहाला त्यांनी सुशांतला फोन केला. सुशांत सोसायटीचा सेक्रेटरी, चाळिशीच्या आतला, एका उमेदवाराच्या प्रचारात असलेला, पण त्यांच्याशी नेहमी आदराने वागणारा मुलगा. "सुशांत, सोमवारचं ते टिपण, नाल्याचं. त्यात एक चूक आहे."

"काय काका? स्पेलिंग का? अहो काय फरक पडतो."

"माझं नाक काम करत नाही. मला वास येत नाही. दोन वर्षं येत नाही. आज कळलं."

पलीकडे गाडीचे हॉर्न वाजत होते. मग सुशांत हसला. "काय काका, सकाळी सकाळी. सिरियसली?" मग त्याचा आवाज उतरला. "ऐका ना. मी स्वतः पालिकेत घेऊन गेलेलो तुमची नोट. प्रिंट काढून. साहेब बोलले, एवढा सीनियर केमिस्ट लेखी देतोय तर विषय संपला, तक्रार बंद. फाइलला लावली त्यांनी ती. आता तुम्ही बोलणार नाक बंद होतं, तर माझं काय राहिलं? मंगळवारची वॉर्डची मीटिंग होऊ दे, मग हळूच टाका काहीतरी. एवढे दिवस थांबलंय, चार दिवस काय."

"कागद फाइलला लावला?"

"तुमच्या नावासकट. अहो चांगलंच आहे ना! तुम्हाला मानतात लोक." आणि थोडं थांबून, "बरं, वास आहे का नाही पण, नक्की?"

"ते मला कसं कळणार?" आंबर्डेकर म्हणाले. "तू मोरीवरून रोज जातोस. तुला येतो का?"

"मी एसी लावून, काचा बंद करून जातो ना काका."

त्यांनी दुरुस्तीचं टिपण लिहायला घेतलं. पहिली ओळ लिहिली, खोडली. 'एका महत्त्वाच्या मर्यादेकडे' हे शब्द बरोबर होते, पण त्यांतून पळवाट दिसत होती. 'गंधसंवेदनेचा अभाव' हे अचूक होतं, पण वाचणाऱ्याला भासलं असतं की हा एखादा लेखच आहे. मग त्यांना वाटलं, नुसतं नाक बंद आहे असं सांगून भागणार नाही. मग वास आहे की नाही, असेल तर कशाचा, हेही सांगायला हवं, नाहीतर एका अर्धवट विधानाच्या जागी दुसरं अर्धवट विधान. हा युक्तिवाद निर्दोष होता. त्यात त्यांचा दीड तास गेला. बाहेर प्रचाराची रिक्षा एकच ओळ वाजवत तीनदा गेली आणि त्यांना जाणवलं की ते त्या ओळीतल्या गायकाच्या उतरलेल्या निषादाचा विचार करत बसले आहेत, तिसऱ्या परिच्छेदासाठी. तेव्हा ते उठले, चपला घातल्या, आणि माहिती गोळा करायला निघाले. असंच त्यांनी स्वतःला सांगितलं: माहिती.

गावठाण सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून चारशे पावलांवर होतं, आणि एवढ्या वर्षांत ते तिथे मोरीच्या पुढे कधी गेले नव्हते. औद्योगिक वसाहतीची उंच भिंत, तिच्या कडेने नाला, आणि नाल्याला पाठ करून उभी असलेली दहा-बारा घरं. काही पत्र्याची, काही नव्याने दुमजली झालेली. पाणी काळसर होतं, त्यावर ऊन पडलेल्या ठिकाणी तेलकट पिवळी झाक होती, आणि काठाच्या गवताचा एक पट्टा, वीतभर रुंद, एकसारखा करपला होता. हे मोरीवरून दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं आणि ते हुंगत असल्यामुळे त्यांनी पाहिलं नव्हतं. एका ओट्यावर दोन बाया तांदूळ निवडत होत्या; त्यांना पाहून एक म्हणाली, "हे बग, वासवाले सायेब आले," आणि दुसरीने तोंडाला पदर लावला; वासामुळे की हसू आल्यामुळे, हे ठरवता आलं नाही.

गोदूबाईंचं घर शेवटचं. सून पॅकिंगच्या कामावर, मुलगा आनंदा टेम्पो घेऊन शीळफाट्याकडे गेलेला. नाल्याकडच्या खोलीत, मागचं दार उन्हासाठी उघडं ठेवून, फरशीवर पसरलेल्या गोधडीवर प्राप्ती पडली होती. आंबर्डेकर दारातच उभे राहिले. वाक्य त्यांनी वाटेत तयार केलं होतं, पण ते लांब होतं. "गोदूबाई, माझं नाक गेलंय. मला कशाचाच वास येत नाही. सोमवारी मी लिहिलं ते चूक होतं."

गोदूबाईंनी विचारलं, "मंग तवा तीन दिवस मोरीवर उबं र्‍हावून काय करीत होताव तुमी?"

त्यांनी उलट विचारलं, "तुम्हाला वास येतो तो कसा आहे? कशासारखा? नीट आठवून सांगा. घाण म्हणू नका, कशासारखा ते सांगा."

"आथा काय सांगू. घान नाय तसा. गोड हाय." त्या विचारात पडल्या. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. "आनंदा लगनाला निगाला ना, तवा बुटाला लावत होता डबीतला. काला. तसा. सकाली तर जाम येतो. भिताडाच्या पलीकडनं पिंपं उपडी करतान पाटे, मंग येतो."

बूट पॉलिश. आंबर्डेकरांच्या नाकाला जे दोन वर्षांत जमलं नव्हतं ते या एका शब्दाने केलं. वास आला नाही, वासाची आठवण आली, इतकी सणसणीत की डोळ्यांत पाणी तरळलं: गोड, कडवट बदामासारखा, जिभेच्या मुळाशी बसणारा. नायट्रोबेंझीन. रंग बनवण्याच्या धंद्यातला रोजचा कच्चा माल. एक्क्याण्णव साली, दुसऱ्या पाळीला, फाटकापाशीच त्यांना तो आला होता, असायला नको तिथे. त्यांनी धावत जाऊन शेड रिकामी करवली होती. चांगदेव नावाचा ऑपरेटर बाहेर येऊन कट्ट्यावर बसला होता आणि पोरं त्याला हसत होती, काय रे, जांभळं खाल्लीस का, कारण त्याचे ओठ जांभळे दिसत होते. चांगदेवही हसत होता. त्याला काही होत नव्हतं, फक्त धाप लागली होती. या वाफेने रक्तातला लोखंडाचा अणू बदलतो आणि रक्त प्राणवायू सोडायला नकार देतं. श्वास चालू असतो, छाती हलत असते, आणि आत माणूस गुदमरत असतो. चांगदेव वाचला. लहान मुलांचं रक्त याला मोठ्यांपेक्षा फार लवकर बळी पडतं, हे वाक्य त्या वर्षीच्या सुरक्षा-पुस्तिकेत होतं. ते त्यांनीच लिहिलं होतं.

ते चपला घालूनच आत गेले आणि गोधडीजवळ गुडघ्यांवर बसले. प्राप्ती जागी होती. ती रडत नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर हळूच दुसरीकडे गेली, जणू पाहणं हे कष्टाचं काम होतं. ओठ. खोलीत उजेड कमी होता. त्यांनी ओठांवर विश्वास ठेवला नाही. त्यांनी तिचा हात उन्हाच्या पट्ट्यात धरला. नखं तांदळाएवढी होती आणि त्यांच्या मुळाशी गुलाबी असायला हवं तिथे पाटीवरच्या पुसलेल्या खडूसारखा एक राखाडी-निळा रंग होता.

"थंडीनी झालीत ती," गोदूबाई म्हणाल्या. "चार दिस झाले. तेल लावताय मी."

चार दिवस. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. त्यांनी मोजलं, कारण मोजणं तेवढं त्यांना अजून येत होतं.

दवाखान्याकडे निघालेल्या रिक्षात गोदूबाईंनी नातीला पदराखाली घेतलं होतं. आंबर्डेकरांनी फोन काढला. आता शैलीला वेळ नव्हता. त्यांनी लिहिलं: नाल्याजवळच्या सर्वांनी ताबडतोब लांब जावं, लहान मुलांना आधी न्यावं, विषारी वायू आहे, माझं आधीचं टिपण चूक होतं, सगळ्यांना कळवा. दोनशे चौदा जणांना गेलं. उत्तरं लगेच आली. 'सर, फोन हॅक झालाय का?' 'हे आंबर्डेकरांचं नाही, ते असं लिहीत नाहीत.' 'स्रोत?' एका वर्गमित्राने त्यांचाच नियम त्यांना पाठवला, जो त्यांनी सहा वर्षं दर महिन्याला पुन्हा पुन्हा लिहिला होता: घाईचा सूर, भीती, लहान मुलांचा उल्लेख आणि 'सगळ्यांना कळवा' ही चार लक्षणं एकत्र दिसली की संदेश खोटा समजावा. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग वाढत होती. सुशांतने लिहिलं, 'कृपया अफवा पसरवू नका, काकांशी सकाळीच बोललोय, ते ठीक आहेत.' आंबर्डेकरांनी त्याला फोन लावला. तो व्यस्त होता. शंभर क्रमांकावर त्यांनी पत्ता सांगितला, दोनदा, पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, "वास येतोय का आता तिथे?" ते म्हणाले, "येतोय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः न पडताळलेली गोष्ट निखालस खरी म्हणून सांगितली.

डॉक्टर संचिता फडक्यांचा दवाखाना स्टेशनच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर. तिथल्या मुलीने नंबर घ्या म्हटलं. आंबर्डेकरांनी आतलं दार उघडलं. डॉक्टर तिशीतल्या होत्या. त्यांनी नखं पाहिली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला, चिमटा काढून पुन्हा लावला. हृदय ऐकलं, छाती ऐकली. आंबर्डेकरांनी चार वाक्यांत सांगितलं. "हे पुस्तकात वाचलंय. पाहिलं नाहीये कधी," त्या म्हणाल्या, आणि हा कबुलीजबाब त्यांनी इतक्या सहज दिला की आंबर्डेकरांना त्यांच्याविषयी एकदम आदर वाटला. "ठाण्याला न्यावं लागेल. ॲम्ब्युलन्स बोलावते, तिथे औषध आहे का तेही विचारते आधी. तोपर्यंत ऑक्सिजन." मदतनीस बाईने नळी आणली. फोन खांद्याने धरून, ठाण्याच्या माणसाशी बोलत, डॉक्टरांनी खणातून पांढरा टिपकागद काढला. "सर, ते हवेत धरायचं असतं ना? रक्ताचा थेंब?"

"हो. साधं काळपट रक्त असेल तर हवा लागल्यावर अर्ध्या मिनिटात लाल होतं. हे असेल तर होत नाही, चॉकलेटसारखं तपकिरीच राहतं." मग ते म्हणाले, "पण तुलनेला दुसरा नमुना हवा. नाहीतर रंग कशाशी ताडणार?"

प्राप्तीच्या टाचेला सुई लागली. ती रडली, पण फार लांबून ऐकू यावं तशी. पहिला थेंब कागदावर पडला. न विचारता गोदूबाईंनी बोट पुढे केलं. दुसरा थेंब त्याच्या शेजारी. त्याही त्याच घरात होत्या, तुलनेला त्या चालणार नव्हत्या, आणि म्हणून आंबर्डेकरांनी आपली बाही सारली. भिंतीपासून लांब, तिसऱ्या मजल्यावर राहणारा निरोगी माणूस. डॉक्टरांनी बोटाला टोचलं. तिसरा थेंब. त्याच वेळी ती सलग तीन दिवसांची सकाळ त्यांच्या मनात आली, थंड, बिनवाऱ्याची. मोरीचा कठडा, वीस मिनिटं, दीर्घ श्वास. आणि टिपण पाठवल्यावरही, मंगळवारी, बुधवारी, आज पहाटे, कुणी शंका घेतली तर उत्तर असावं म्हणून ते तिथे जातच राहिले होते. छाती भरेपर्यंत श्वास घेत. जितकं काही सापडत नव्हतं तितकं अधिक खोल.

डॉक्टरांनी कागद पंख्याखाली खिडकीत धरला आणि आंबर्डेकर घड्याळाकडे पाहू लागले. दहा सेकंद. वीस. बाळाच्या तोंडाशी नळी हिसहिसत होती. तीस झाल्यावर त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि त्यांना तीन गोल डाग दिसले, पण ते काय दिसत आहेत हे त्यांना सांगता येईना. डोळ्यांवर आजवर त्यांनी कधी अविश्वास दाखवला नव्हता, आणि आता कुठल्याच दाराने आत येणाऱ्या बातमीवर सही करायला त्यांचं मन तयार नव्हतं. चाळीस. डॉक्टर कागदाकडे नव्हे, आंबर्डेकरांच्या ओठांकडे पाहत होत्या.

"गोदूबाई," ते म्हणाले, "तुम्ही बघा. माझा कसा दिसतोय?"

गोदूबाई नातीला घेऊन खिडकीशी आल्या. त्यांनी कागदावर वाकून पाहिलं, आधी पहिल्या थेंबाकडे, मग आपल्या, मग त्यांच्या. कुठलीही घाई न करता, मासळीवरून नजर फिरवावी तशी, त्यांनी तिन्ही परत एकदा पाहिले.

"येकच हायेत, सायेब, चाकलेटी," त्या म्हणाल्या. "तिनी बी."